उन्हाळ्याचं वेळापत्रक आजीला झेपेल असं हवं

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. मुलगा सात वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची, घरी सासूबाई असतात. सुट्टी लागल्यापासून मुलं रात्री साडेअकराशिवाय झोपत नाहीत, सकाळी नऊ-दहाला उठतात, दिवसभर मोबाइल हवा असतो, जेवायला बसत नाहीत आणि सारखं आइस्क्रीम मागतात. मागच्या मे महिन्यात धाकटीला जुलाब-उलट्या होऊन सलाईन लावावं लागलं, त्याची धास्ती अजून मनात आहे. त्यांना एक पक्कं वेळापत्रक हवंय, आणि मोठ्याला उन्हाळी शिबिरात घालावं का, हेही विचारलंय.

ताई, मी अकोल्यात बरीच वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांची गोष्ट तुमच्यासारखीच असते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

वेळापत्रक मी देऊ शकते, पण आधी एक विचारते. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा ते पाळणार कोण? तुमच्या सासूबाई. दहा वाजता चित्रकला, अकराला वाचन, बाराला जेवण, एकला झोप असा तक्ता फ्रिजवर लावून तुम्ही दोघं ऑफिसला गेलात, तर तिसऱ्या दिवशी तो कोलमडतो. मग संध्याकाळी घरी आल्यावर तुमच्या तोंडून नकळत "आज पण मोबाइलच का?" असं निघतं आणि दिवसभर दोन मुलांमागे धावलेल्या बाईला ते लागतं. म्हणून मी आधी एवढंच बघते की घरात दुपारी जे माणूस आहे त्याला काय झेपेल. मुलांच्या जिवाला आणि तब्येतीला ज्यानं खरंच फरक पडतो अशा तीन-चार गोष्टी पक्क्या करायच्या. बाकीचा दिवस सैल सोडला तरी चालतो.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. घर वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली असेल तर दुपारी दोननंतर भिंतीसुद्धा तापतात. मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दोन तास काढता येतील का, ते बघा. सासूबाईंना बीपीची गोळी असेल, त्यातही लघवी वाढवणारी असेल, तर उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. वय झालं की तहान कमी जाणवते. मुलांना पाणी पाजता पाजता आजीच कोरड्या राहतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. आणि आपल्या विदर्भात एक जास्तीची गोष्ट: घरात कोणाला सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल आणि मुलांची तपासणी झालेली नसेल, तर ती आधी करून घ्या. सिकलसेलच्या मुलाला शरीरातलं पाणी कमी झालं की अंगदुखीचा तीव्र झटका येऊ शकतो. खाली लिहिलेले पाण्याचे नियम त्याच्यासाठी दुपटीनं महत्त्वाचे.

आता सकाळ. ही वेळ तुमची आणि तुमच्या मिस्टरांची. मे महिन्यात आपल्याकडे सहाच्या आधी उजाडतं. मुलांना सहा-सव्वासहाला उठवा आणि एकानं त्यांना घेऊन बाहेर पडा. मैदान, बाग, गच्ची, काहीही चालेल. साडेसात-आठपर्यंत भरपूर धावू द्या. दुसऱ्यानं तोवर स्वयंपाक उरकायचा, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. रात्री झोप येत नाही याचं मोठं कारण सकाळी दहाला उठणं आणि दिवसभर बसून राहणं हे आहे. झोपेची वेळ हुकमानं बदलत नाही, उठण्याची वेळ मात्र आपल्या हातात असते. पहिले चार-पाच दिवस मुलं किरकिर करतील, दुपारी जास्त झोपतील. धाकटीला दुपारी साडेतीनच्या पुढे झोपू देऊ नका, मग रात्री साडेनऊला डोळे मिटायला लागतात.

न्याहारी हे उन्हाळ्यातलं मुख्य जेवण समजा. खेळून आलेली मुलं साडेआठला जे खातात ते दुपारी एकला खात नाहीत, कारण उकाड्यात भूक मंदावते. हा आजार नाही. म्हणून पोळी-भाजी, थालीपीठ, अंडं, मुगाचं धिरडं असं भरीव जे द्यायचं ते सकाळी द्या. दुपारी दहीभात, ताक, ज्वारीची आंबील, काकडी, टरबूज एवढ्यावर भागलं तरी काळजी करू नका. रात्री आठला, घर जरा निवल्यावर, पुन्हा नीट जेवतील. दुपारचा घास भरवण्यासाठी आजींनी मोबाइल लावून मागे फिरायचं, हा कार्यक्रम बंद केलात तर निम्मं घर शांत होईल. धाकटी दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पीत असेल तर ते कमी करा. दुधानं पोट भरलं की ती दुसरं काही खात नाही. आणि अजून बाटलीनं पीत असेल तर बाटली आता बंद. उन्हाळ्यात बूच-बाटलीत जंतू फार लवकर वाढतात. कपानं किंवा भांड्यानं द्या.

जेवणाबद्दल आणखी एक, आणि मागच्या वर्षीच्या जुलाबांच्या दृष्टीनं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नोकरी करणाऱ्या घरात वरण-भात-भाजी सकाळी सात वाजता होते आणि ओट्यावर झाकून ठेवली जाते. दुपारी एकला स्वयंपाकघर चाळिशीला पोचलेलं असतं. हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. वरून वास येत नाही, चव बदलत नाही, पण जंतू वाढलेले असतात. धाकटीला कशानं झालं हे आता सांगता येणार नाही, पण यंदा ही वाट तरी बंद करा. भाजी-वरण पसरट भांड्यात काढून पंख्याखाली निववा आणि घराबाहेर पडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवा. आजींनी लागेल तेवढंच काढून चांगलं उकळून गरम करायचं. उरलेलं परत आत ठेवायचं नाही. गाडीवरचा बर्फाचा गोळा आणि बर्फ घातलेला उसाचा रस मी लहान मुलांना देऊ नका म्हणते, कारण तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही. पाकीटबंद आइस्क्रीम आठवड्यातून दोनदा खाल्लं तर काही बिघडत नाही. आंबाही खुशाल खाऊ द्या. गळवं आंब्याच्या "उष्णतेनं" येत नाहीत, ती घामानं ओल्या, खाजवलेल्या कातडीत जंतू शिरून येतात. दोन वेळा अंघोळ आणि सैल सुती कपडे हा त्यावरचा उपाय आहे. घामोळ्यांवर पावडरीचे थर मात्र देऊ नका, घामाची छिद्रं आणखी बुजतात.

पाण्याबद्दल माझा नियम सोपा आहे: मुलांना विचारायचं नाही, हातात द्यायचं. "पाणी पितोस का?" म्हटलं की खेळणारं मूल "नाही" म्हणतं. उठल्यावर, खेळून आल्यावर, न्याहारीनंतर, अकराला, जेवणानंतर, झोपून उठल्यावर, संध्याकाळी असं ठरलेल्या वेळी भांडं पुढे करायचं आणि दर वेळी आजींनी स्वतःही अर्धा पेला प्यायचा. एरवी धाकटीच्या वयाला दूध, ताक, फळं, जेवण सगळं धरून दिवसाला साधारण १.३ लिटर पाणी पोटात जावं लागतं, मोठ्याच्या वयाला १.७ लिटर. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्तच लागतं. पण आजींना लिटर मोजायला लावू नका. त्यांना सांगा, सू बघा. फिकट रंगाची, दिवसातून पाच-सहा वेळा झाली म्हणजे पाणी पुरतंय. गडद पिवळी, थोडी-थोडी होत असेल तर लगेच पन्हं, ताक किंवा लिंबू-साखर-मीठ घातलेलं सरबत सुरू करायचं. पिण्याच्या पाण्याला तोटीचा माठ ठेवा, म्हणजे हात किंवा पेला आत बुडत नाही.

पाण्याचीच दुसरी बाजू. उन्हाळ्यात आपण ड्रम, टब, बादल्या भरून ठेवतो. अडीच वर्षांचं मूल भरलेल्या बादलीतही डोकं खाली होऊन बुडू शकतं, आणि तेव्हा आवाज होत नाही. न्हाणीघराला बाहेरून वरची कडी हवी, ड्रमला घट्ट झाकण हवं. आजी दुपारी पाच मिनिटं लवंडल्या तरी चालावं एवढी ही व्यवस्था पक्की करा.

आता कूलर. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नागपूरच्या घरात दुपारी अकरा ते पाच मुलं कूलरसमोरच असतात. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं असेल तरच कूलर नीट काम करतो. सगळं गच्च बंद केलं की खोलीत दमट हवा साठते, घाम वाळत नाही आणि मुलं चिडचिड करतात. त्याहून मोठी गोष्ट शॉकची. कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे उन्हाळ्यात येतात, आणि त्यात मुलंही असतात. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप, बाहेर ओली फरशी आणि अनवाणी पाय. आत एखादी वायर सोललेली असली तर एवढं पुरतं. म्हणून आता लगेच इलेक्ट्रिशियनला बोलवून तीन गोष्टी बघायला सांगा: पंपाची वायर धड आहे का, तीन पिनांच्या प्लगला खरंच अर्थिंग आहे का, आणि मेन बोर्डावर आरसीसीबी आहे का. नसेल तर बसवून घ्या. आरसीसीबी गळतीचा करंट लागताच वीज तोडतो, साधा फ्यूज किंवा एमसीबी ते काम करत नाही. आणि घरात एकच नियम: पाणी भरायचं, जाळी काढायची, कूलर हलवायचा, तर आधी प्लग सॉकेटमधून काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. दिवसा पाणी भरायची वेळच येऊ नये म्हणून सकाळी निघताना तुम्हीच टाकी भरून जा. पुढे एक जड बाक आडवा लावा, धाकटीचा हात जाळीपर्यंत पोचता कामा नये.

आठवड्यातून एक दिवस, रविवार धरा, कूलर कोरडा करायचा. पाणी ओतून टाकायचं आणि टाकीच्या भिंती ब्रशनं घासायच्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात, कडेच्या भिंतीला चिकटवून अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. नुसतं पाणी बदललं आणि भिंती घासल्या नाहीत तर अंडी तशीच राहतात. रविवारचं हे काम सात वर्षांच्या मुलाला बाबांबरोबर करू द्या, प्लग काढलेला दाखवून. त्याला आवडेलच.

मोठ्याला कामं लागतात, हे शिबिरांच्या गडबडीत आपण विसरतो. आजी कुरडया घालणार असतील तर सकाळी सातला गच्चीवर त्याला सोऱ्या दाबायला बसवा. सोऱ्या त्याच्याच्यानं पुरता दाबला जात नाही, मग तो उभा राहून सगळं अंग टाकतो, आणि प्लॅस्टिकवर वाकडीतिकडी वळणं पडतात. ती वाळली की "ही माझी कुरडई" म्हणून वेगळी ठेवतो. खाली आल्यावर पातेल्यात उरलेला गरम चीक दूध-साखर घालून वाटीभर खातो. जेवत नाही म्हणून माझ्याकडे आणलेली मुलं घरी चीक खरवडून खातात, असं आजीच मला सांगतात.

मोबाइल पूर्ण बंद करा, असं मी सांगणार नाही. तुम्ही दोघं बाहेर आणि घरात एकट्या आजी, तर तसा नियम टिकणारच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे आयएपीची शिफारस अशी: दोन वर्षांपर्यंत अजिबात नको, दोन ते पाच वर्षांना दिवसाला फार तर एक तास आणि तोही मोठ्यांसोबत, पाच ते दहा वर्षांना दोन तासांपेक्षा कमी. मी त्यात एवढंच घालते की तो वेळ दुपारी चार ते पाच ठेवा. आजींच्या चहाची वेळ, उन्हाचा कडाका अजून ओसरलेला नसतो आणि मुलं सगळ्यात जास्त कंटाळलेली असतात. त्यांना माहीत असलं की चारला मिळणार आहे, तर सकाळपासूनची मागणी बरीच कमी होते. जेवताना आणि झोपताना मात्र नाही.

आतापर्यंतचं आजींसाठी एका चिठ्ठीवर लिहायचं तर एवढंच: वेळेवर पाण्याचं भांडं हातात, अन्न फ्रिजमधून काढून उकळलेलं, अकरा ते पाच घरात, कूलरला हात नाही, न्हाणीघराला कडी. मुलं बाकी जे करतील ते करू द्या.

आता तुमच्या मनातली धास्ती. जुलाब सुरू झाले की पहिल्या जुलाबापासून ओआरएस द्यायचं, मूल गळून जाईपर्यंत थांबायचं नाही. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच पूर्ण पाकीट विरघळवायचं. एक लिटरचं पाकीट पेल्यात अर्धं-अर्धं करून अंदाजानं घालणं धोक्याचं आहे, कारण मीठ जास्त झालं तर त्रास वाढतो. लहान मुलांच्या घरी २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं सोयीची पडतात. एक लिटर केलेलं असेल तर चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दुकानात "डब्ल्यूएचओ फॉर्म्युला" लिहिलेलं पाकीट मागा. ओआरएस म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड फळपेयांत साखर जास्त आणि क्षार कमी असत, त्यानं जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, अशा पेयांच्या नावात "ओआरएस" वापरायला मनाई केली, तरी खोक्यावरचं वाचून घ्यायची सवय ठेवा. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ.

धाकटीला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक पेला, हळूहळू द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्यानं सुरू करा. तहानलेलं मूल पेला तोंडाला लावून गटागटा पितं, सगळं बाहेर येतं, आणि घरचे म्हणतात "पाणीसुद्धा पोटात ठरत नाही". पाच मिलिलिटरचा एक चमचा दर दोन मिनिटांनी दिला तर तासाभरात दीडशे मिलिलिटर पोटात जातं आणि बहुतेक वेळा राहतं. हे कंटाळवाणं काम आहे, पण पुष्कळ मुलांचं सलाईन यानं टळतं. सोबत झिंक, सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला २० मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी बंद करायचं नाही. खाणं चालू ठेवा, उपाशी ठेवू नका. जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून देऊ नका. सहा तासांत सू नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, मूल सुस्त पडलंय, काहीच पीत नाही किंवा शौचात रक्त आहे, तर घरी थांबायचं नाही.

ऊन लागणं वेगळं. दुपारी अंग तापलं की आजी पॅरासिटामॉल देतात, पण उष्माघातात ते औषध काम करत नाही. आधी गार खोलीत न्या, कपडे काढा, नळाच्या पाण्यानं अंग ओलं करून पंखा लावा. मूल शुद्धीत असेल तर थोडं-थोडं पाणी द्या. नुसतं उकाड्यानं कोमेजलेलं मूल थोड्या वेळात सावरतं. पण ते असंबद्ध बोलत असेल, झोकांड्या खात असेल, आकडी आली, हाकेला ओ देत नसेल, तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलला निघा, आणि वाटेतही अंग ओलं करत राहा. अशा वेळी तोंडात पाणी घालू नका. आणि उभ्या गाडीत "दोन मिनिटांत येते" म्हणून मुलांना ठेवणं, हे कितीही घाई असली तरी नाही. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढू शकतं.

शिबिराबद्दल: सकाळी सात ते नऊचं, घराजवळचं, पोहण्याचं किंवा खेळाचं असेल तर जरूर घाला. सकाळचे ते दोन तास तुम्हाला एकच मूल सांभाळावं लागेल. दहा ते एकचं, पत्र्याच्या शेडखालचं असेल तर शिकवणारे कितीही चांगले असोत, मी नाही म्हणेन, कारण मूल भर उन्हात ऑटोतून घरी येतं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, साधारण २५ मेपासून सुरू झाला की सगळंच बंद ठेवा. आपल्या शाळा तशाही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. घाई कशाची नाही.

एक काम मात्र आजच रात्री करा. दुपारी तीन वाजता आजींचा फोन आला की "पोरगी सुस्त पडलीय", तर तुमच्यापैकी ऑफिसातून कोण निघणार? तुमच्या आधी पोचू शकेल असा गाडीवाला शेजारी कोण? न्यायचं कोणत्या हॉस्पिटलला, आणि दुपारी तिथं मुलांचे डॉक्टर असतात का? हे ठरवून तिन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहा आणि आजींच्या फोनवर सर्वांत वर ठेवा. त्या शेजाऱ्यांशीही एकदा बोलून घ्या. आणि सासूबाईंना स्पष्ट सांगा की शंका आली तरी फोन करा, मीटिंगमध्ये असलो तरी करा, आम्ही रागावणार नाही.